सनदेची जमीन आणि आगगाडीची वाट

दूधविनायकाच्या गल्लीत आम्ही मराठी माणसे कधी आणि कशी येऊन राहिलो, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत पन्नास वर्षांत अनेक वेळा निघाला. कोणी आपले घराणे पेशवाईपर्यंत नेतो, कोणी पणजोबांच्या काशीवासापर्यंत, तर कोणी रेल्वेतील किंवा विद्यापीठातील वडिलांच्या नोकरीपर्यंत. उत्तरे निरनिराळी असली तरी ती शेवटी दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात. एक म्हणजे कोणीतरी कोणाला दिलेली जागा, आणि दुसरी म्हणजे येथवर येण्याची वाट. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले. ज्या आगगाडीने आपण मुलखातून येथे येतो आणि सुट्टीत परत जातो, ती आगगाडी कोणाच्या जमिनीवरून धावते? ती जमीन कोणी, कोणास, कोणत्या अटींवर दिली?

राजाने जमीन देणे ही गोष्ट काशीला नवी नाही. गंगा-वरुणेच्या संगमापासून जवळच असलेल्या कमौली गावी १८९२ मध्ये ताम्रपटांचा एक मोठा साठा सापडला. त्यांतील बहुतेक ताम्रपट बाराव्या शतकातील गाहडवाल राजा गोविंदचंद्र याचे आहेत. त्या काळच्या दानपत्रांची भाषा मोठी नेमकी असे. गाव कोणते, कोणास दिले, स्नान-तर्पण करून कोणत्या तिथीस दिले, हे तर त्यांत असेच. शिवाय जमिनीबरोबर पाणी, लोखंडाच्या व मिठाच्या खाणी, आंब्याची आणि मोहाची झाडे, यांपैकी काय काय दिले तेही नमूद केलेले असे. देणाऱ्याने काय दिले आणि काय राखले याविषयी पुढे वाद होऊ नये, ही त्यामागील दृष्टी होय.

मराठ्यांनी काशीत जे केले तेही याच परंपरेतले. थोरल्या बाजीरावांच्या काळात सदाशिव नाईक जोशी यांच्या हस्ते येथे घाटांची कामे झाली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर उभारले, ते १७८० मध्ये पुरे झाले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी वस्ती वाढली ती वाडे, अन्नछत्रे आणि वर्षासने यांच्या आधाराने. तथापि येथवर येण्याची वाट मात्र अतिशय बिकट होती. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेस निघाल्या. वाटेत राजेरजवाड्यांनी त्यांचा सन्मान केला, संरक्षणाची चोख व्यवस्था होती, तरीही पुण्यास परत येईपर्यंत १७३६ उजाडले होते आणि एक वर्षाहून अधिक काळ लोटला होता. पेशव्यांच्या मातोश्रींची ही कथा, तर कोकणातल्या सामान्य भिक्षुकाची काय असेल याची कल्पना करावी. काशीस निघालेला माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घेऊनच निघे, असे जे आपल्याकडे सांगतात त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

वाट सुधारण्याचे काम राज्यकर्त्याचे आहे याची जाणीव मराठ्यांना नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. काशीहून गयेस जाताना कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला असता पुण्य नष्ट होते अशी श्रद्धा असल्याने त्रिस्थळी यात्रा करणाऱ्यांची तेथे मोठीच अडचण होई. नाना फडणविसांनी या नदीवर पूल बांधण्याचे काम आरंभिले होते. ते त्यांच्या हयातीत सिद्धीस गेले नाही. पुढे काशीचे राजा पटनीमल यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या आराखड्याने तेथे दगडी पूल झाला. वाटेवर खर्च करणाऱ्याला पुण्य मिळे. त्या खर्चावर व्याज मिळावे अशी अपेक्षा नसे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सर्व कथा व्याजाभोवतीच फिरणार आहे.

आता थोडा वेळ अमेरिकेकडे वळणे अगत्याचे आहे. तेथे लोहमार्गासाठी सरकारने जमिनी देण्याचा जो प्रयोग केला, तो पाहिल्याशिवाय आपल्याकडे काय घडले याचे मोल कळत नाही.

अमेरिकेच्या संघराज्याजवळ पैसा कमी आणि जमीन अफाट होती. १८५० मध्ये तेथील काँग्रेसने इलिनॉय राज्यातील लोहमार्गासाठी जमीन देण्याचा कायदा केला आणि त्यातून इलिनॉय सेंट्रल कंपनीच्या पदरात सुमारे २६ लक्ष एकर जमीन पडली. जमीन देण्याची रीत बुद्धिबळाच्या पटासारखी होती. मार्गाच्या दोन्ही बाजूंस एकेक चौरस मैलाचे चौकोन आखायचे, त्यांतील एक कंपनीस द्यायचा आणि त्यालगतचा सरकारने राखायचा. राखलेल्या चौकोनांचा भाव एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर करण्यात आला. अर्धी जमीन दान केली, उरलेल्या अर्धीची किंमत दुप्पट झाली, तेव्हा सरकारचे काहीच गेले नाही, असा हा हिशेब होता. इलिनॉय राज्याने तर कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाच्या ७ टक्के वाटा आपल्यासाठी लिहून घेतला. कंपनीने आपल्या वाट्याच्या जमिनी शेतकऱ्यांस उधारीवर विकल्या, त्या शेतकऱ्यांचे धान्य आपल्याच गाड्यांतून वाहिले, आणि असा दुहेरी नफा मिळविला.

१ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. यादवी युद्ध चालू असतानाची ही गोष्ट. या कायद्याने युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिक या दोन कंपन्यांस दर मैलामागे जमिनीचे १० चौकोन, म्हणजे ६,४०० एकर मिळाले. शिवाय भूप्रदेश किती अवघड आहे त्यानुसार मैलामागे १६ हजार, ३२ हजार किंवा ४८ हजार डॉलरांचे सरकारी रोखे कर्जाऊ मिळाले. एवढ्याने भांडवल जमेना, म्हणून १८६४ मध्ये जमीन दुप्पट करण्यात आली. खनिजयुक्त जमीन दानातून वगळलेली होती, परंतु कोळसा आणि लोखंड यांस त्या अर्थी खनिज समजू नये असा खुलासा नव्या कायद्यात घालण्यात आला. गोविंदचंद्राच्या ताम्रपटातही लोखंडाची खाण दिलेली असे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. देणारा राजा असो की लोकसभा, घेणारा मात्र खाणीचा उल्लेख सनदेत करून घेण्यास विसरत नाही.

१० मे १८६९ रोजी युटा प्रांतातील प्रॉमंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ मिळाले आणि अमेरिका खंड ओलांडणारी वाट खुली झाली. १८७१ पर्यंत काँग्रेसने लोहमार्गांसाठी दिलेल्या जमिनींपैकी सुमारे १३ कोटी एकर कंपन्यांच्या हाती गेली. आजच्या महाराष्ट्र राज्याचे जे क्षेत्रफळ आहे, त्याच्या सुमारे पावणेदोन पट ही जमीन भरते.

या प्रयोगाच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. ओसाड वाटणारे प्रदेश भराभर वसले, धान्य समुद्रापर्यंत पोहोचले, आणि जमिनीच्या मोबदल्यात कंपन्यांनी सरकारी सैन्य व सामान १९४६ पर्यंत सवलतीच्या दराने वाहिले. परंतु १८७२ मध्ये क्रेडिट मोबिलिएर या बांधकाम कंपनीचे प्रकरण बाहेर आले. युनियन पॅसिफिकच्या चालकांनी स्वतःच्याच या दुसऱ्या कंपनीस वाढीव दराने कामे देऊन पैसा काढला होता आणि तिचे भाग लोकप्रतिनिधींस स्वस्तात वाटले होते. त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की जी जमीन सरकार देत होते ती मुळात रिकामी नव्हती. तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांचे हक्क सरकार शक्य तितक्या लवकर संपुष्टात आणील, असे १८६२ च्या कायद्यातच लिहिले होते. ताम्रपटावर उदक सोडणारा राजा निदान आपल्या राज्यातले गाव देत होता. येथे ज्यांची जमीन होती त्यांस विचारण्याचेही कारण उरले नव्हते.

हिंदुस्थानात असा पट मांडता येणे शक्य नव्हते. येथली जमीन कसलेली होती, तिच्यावर सारा बसलेला होता, रयत किंवा जमीनदार यांची नावे तिच्यावर लागलेली होती. विकून पैसा उभारावा अशी मोकळी जमीन कंपन्यांना देणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून येथे दुसरी युक्ती निघाली.

१८४९ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने दोन रेल्वे कंपन्यांशी करार केले. एक कलकत्त्याची ईस्ट इंडियन रेल्वे आणि दुसरी आपल्या मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. तिच्या उभारणीत नाना शंकरशेट यांनी घेतलेला पुढाकार मराठी वाचकांस ठाऊकच आहे. करारातील मुख्य कलमे अशी होती. लोहमार्गास लागणारी जमीन सरकार आपल्या खर्चाने संपादन करील आणि ती कंपनीस ९९ वर्षांसाठी मोफत देईल. कंपनीने गुंतविलेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी सरकार देईल, आणि मिळकत कमी पडल्यास तूट तिजोरीतून भरून काढील. त्याहून जास्त नफा झाल्यास त्याची वाटणी होईल. २५ किंवा ५० वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारास राहील. ९९ वर्षे पुरी झाल्यास जमीन आणि मार्ग सरकारकडे परत येईल. उलट कंपनीस वाटल्यास सहा महिन्यांची सूचना देऊन ती मार्ग सरकारच्या गळ्यात घालू शकेल आणि आपले भांडवल परत घेऊ शकेल.

हा करार आणि अमेरिकेची सनद शेजारी ठेवून वाचावी. अमेरिकेत कंपनी जमिनीची धनीण झाली. धोका तिचा आणि लाभही तिचाच. येथे कंपनीस रुळांखालची आणि स्टेशनांपुरती जमीन मिळाली, तीही मुदतीने. जमिनीची मालकी सरकारकडेच राहिली, ही या व्यवस्थेची चांगली बाजू होय. परंतु जमिनीऐवजी येथे दुसरीच गोष्ट दान झाली. ती म्हणजे रयतेचा सारा. विलायतेतील सरकारी कर्जरोख्यांवर तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असता येथे ५ टक्के, आणि तेही बुडण्याची भीती नसलेले. खर्च जास्त झाला तरी व्याज ठरलेलेच, तेव्हा काटकसर करावी कोणी आणि कशासाठी? मैलामागे सुमारे ८ हजार पौंड लागतील असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात हमीच्या मार्गांचा खर्च सरासरी १८ हजार पौंडांच्या घरात गेला. हे व्याज ज्या तिजोरीतून जाई, तिच्यात वऱ्हाड-खानदेशातील कुणब्याच्या साऱ्याचाही पैसा होता. त्याने आगगाडी पाहिलीही नसेल.

मुंबई-ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये ओलांडला गेला. इकडे कलकत्त्याहून निघालेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग कर्मनाशा ओलांडून १८६२ च्या अखेरीस मुगलसराईस, म्हणजे काशीच्या पैलतीरापाशी आला. नाना फडणविसांस जी नदी आवरली नाही, ती आता यात्रेकरू डब्यात बसल्या बसल्या पार करू लागला, आणि पुण्यक्षयाचा प्रश्न शास्त्रीपंडितांच्या चर्चेपुरता उरला. १८६७ मध्ये अलाहाबाद-जबलपूर शाखा सुरू झाली. मार्च १८७० मध्ये मुंबईचा मार्ग भुसावळ, खांडवा, इटारसी करीत जबलपूरला येऊन तिला मिळाला. राधाबाईंस जाऊन येण्यास वर्षाहून अधिक लागले, तो प्रवास मुंबईकरास काही दिवसांचा झाला. आज महानगरी एक्स्प्रेसने आपण येतो, ती मुख्यतः याच वाटेने.

काशीचे विशेष असे, की सरकारने लोहमार्गास मदत करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा या एका शहराच्या वेशीवर पाहावयास मिळतात. मुगलसराईचा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग मोफत जमीन आणि ५ टक्क्यांची हमी या जुन्या करारातला. शहराच्या बाजूने लखनौकडे जाणारा मार्ग औध आणि रोहिलखंड रेल्वेचा. तो १८७२ मध्ये सुरू झाला. या कंपनीच्या पूर्वीच्या अवतारात हमी न देता मोफत जमीन आणि ठराविक वार्षिक अनुदान देऊन पाहण्यात आले होते. परंतु त्या अटींवर विलायतेत भांडवल जमेना आणि अखेर तिलाही हमी द्यावी लागली. याच कंपनीने राजघाटावरील प्रसिद्ध पूल बांधला. १८८७ मध्ये तो खुला होईपर्यंत मुगलसराईहून आलेल्या यात्रेकरूस होडीतून किंवा नावांच्या पुलावरून काशीत प्रवेश करावा लागे. डफरिन यांचे नाव मिळालेला हा पूल १९४८ पासून मालवीय पूल झाला. तिसरा मार्ग बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा, मीटर गेजचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात आलेला. १८८२ च्या करारान्वये या कंपनीस सरकारने व्याजाची हमी दिली नाही. दिली ती फक्त मोफत जमीन. आणि तरीही ती कंपनी चांगल्या नफ्यात चालली. हमीवाचून रेल्वे बांधणे अशक्य आहे, असे तीस वर्षे सांगण्यात येत होते. त्या म्हणण्याचे उत्तर आपल्या सिटी स्टेशनावर उभे होते.

या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांत आपली पुणेरी मंडळी अग्रभागी होती, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. गणेश व्यंकटेश जोशी यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून सरकारी जमाखर्चाची आणि रेल्वेवरील खर्चाची आकडेवार चिकित्सा केली. नामदार गोखले यांनी १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील भाषणांत रेल्वेकडे वळणारा पैसा शिक्षण आणि पाटबंधारे यांकडे वळवावा असा आग्रह धरला. रेल्वे नको असे यांपैकी कोणी म्हणत नव्हते. सवलत कोणास, किती काळ आणि कोणाच्या खर्चाने, एवढेच ते विचारीत होते. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही.

करारातील ९९ वर्षे कोणत्याच मार्गाने पुरी केली नाहीत. ईस्ट इंडियन रेल्वे सरकारने १८७९ च्या कायद्याने विकत घेतली, औध आणि रोहिलखंड १८८९ मध्ये सरकारी झाली, जी. आय. पी. १९०० मध्ये घेण्यात आली आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही सरकारकडे आला. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न १९४३ मध्ये सरकारी झाली. विकत घेताना भागधारकांस भरपूर किंमत मोजावी लागली हे खरे. परंतु जमीन कंपन्यांची कधीच झाली नव्हती, म्हणून ती परत मागण्याचा प्रसंग आला नाही. अमेरिकेत एकदा दिलेली जमीन बव्हंशी दिलीच गेली. मुदतीच्या एका कलमात केवढे सामर्थ्य असते, हे यावरून दिसून येईल.

रेल्वेस दिलेल्या जमिनीविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९४० मध्ये काशी स्टेशनाच्या विस्तारासाठी राजघाटच्या पठारावर खोदकाम सुरू झाले, तेव्हा मातीबरोबर मातीच्या मूर्ती, मुद्रा आणि जुन्या भिंती बाहेर येऊ लागल्या. पुरातत्त्व खात्याच्या वतीने कृष्णदेव यांनी तेथे उत्खनन केले, आणि पुढे १९५७ पासून हिंदू विद्यापीठाने अनेक वर्षे ते काम चालविले. प्राचीन वाराणसी नगरी याच पठारावर होती आणि तिची वस्ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारापर्यंत मागे जाते, असे त्यातून निष्पन्न झाले. राजघाटच्या पुष्कळ मृण्मूर्ती विद्यापीठाच्या भारत कला भवनात आहेत. आपल्या मुलांना त्या अवश्य दाखवाव्यात. कागदोपत्री मोजून दिलेल्या त्या जमिनीखाली एक सबंध नगरी निजलेली होती, आणि तिच्यावरून रूळ गेल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. कोणतीही जमीन रिकामी नसते. अमेरिकेत ती माणसांनी भरलेली होती, दख्खनमध्ये पिकांनी, आणि राजघाटावर इतिहासाने.

आता पुन्हा आपल्या गल्लीकडे येऊ. आगगाडीने दूधविनायकास काय दिले? मुलूख जवळ आला. लेकी-सुनांना माहेर मिळाले. पत्रिका जुळवायला पुण्या-नागपूरचे स्थळ चालू लागले आणि गौरी-गणपतीस मुलखातला पाहुणा येऊ लागला. त्याबरोबर एक गोष्ट हातून गेली, तीही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पूर्वीचा यात्रेकरू महिनोन्महिने राही, पुष्कळदा कायमचाच राही, आणि त्याच्या राहण्यातून ही वस्ती घडली होती. गाडीने येणारा तीन दिवसांत गंगा, विश्वेश्वर, अन्नपूर्णा आणि कालभैरव करून परतीच्या गाडीत बसतो. ज्या वाटेने पाहुणे आले, त्याच वाटेने आपली मुलेही पुण्या-मुंबईस आणि त्यापलीकडे गेली. वाड्यांतील दिवे कमी झाले. मंडळ स्थापन करण्याची गरज आपल्या वडीलधाऱ्यांना भासली, ती याच कारणाने.

मुलखापासून दूर असलेल्या प्रत्येक मराठी मंडळाच्या इतिहासात जागेचा एक अध्याय असतोच. कोणी वाड्याचा दिवाणखाना दिला, कोणी धर्मशाळेतील खोली, कोणी गणेशोत्सवापुरते अंगण. आपल्याही मंडळाचा संसार अशाच उसन्या जागांत मांडला गेला. देणाऱ्यांचे औदार्य मोठे, परंतु बहुतेक वेळा तोंडी. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या की ते औदार्य कोणास आठवत नाही, हा अनुभव आपण घेतलेला आहे. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या सनदा, दानपत्रे, वर्षासनाचे कागद, भाडेपट्टे असतील, त्यांनी ते वाळवीच्या हाती न सोपविता मंडळास वाचावयास द्यावेत. आणि पुढे मंडळास कोणी जागा देईल, किंवा मंडळ कोणास देईल, तेव्हा कोणास, कशासाठी, किती काळ आणि कोणत्या अटींवर, ही चार कलमे कागदावर उतरविल्याशिवाय हार-तुरे घालू नयेत.

गोविंदचंद्राच्या लेखनिकास आठशे वर्षांपूर्वी हे कळत होते. लोहमार्गाच्या इतिहासाने तेच दोन खंडांवर पुन्हा शिकविले. आपल्या मंडळाची शताब्दी साजरी करणाऱ्यांस आमचे कागद वाचता यावेत, आणि वाचून आम्हांस दोष देण्याचे कारण पडू नये, एवढीच श्रीदूधविनायकाचरणी प्रार्थना.